शिरपूरची मूर्ति : रूप कोणाचें?

वाशीम जिल्ह्यांतील शिरपूर गांवीं अंतरिक्ष पार्श्वनाथाची काळी मूर्ति आहे. अर्धपद्मासनांत बसलेली, मस्तकावर नागाची फणा, उंची सुमारें ४२ इंच. जैनांच्या श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही पंथांना ती सारखीच पूज्य. आणि ती दिसावी कशी, या प्रश्नावरून पेटलेला त्यांचा वाद विलायतेस प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. प्रतिमा मूळ वस्तूशीं किती जुळावी, हा प्रश्न कलाशाळेंत निघतो तेव्हां तो रुचीचा असतो. शिरपुरास तो श्रद्धेचा आणि हक्काचा झाला.

पार्श्वनाथ हे तेविसावे तीर्थंकर. त्यांचा चेहरा कसा होता हें कोणासच ठाऊक नाहीं, आणि शिल्पकारांनीं तो शोधण्याचा प्रयत्नहि केलेला नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत अर्हतांच्या मूर्तीचें लक्षण दिलें आहे तें असें : गुडघ्यांपर्यंत पोंचणारे बाहु, वक्षावर श्रीवत्स, शांत मुद्रा, तरुण व सुरूप देह, अंगावर वस्त्र नाहीं. यांत व्यक्तीचें वर्णन कोठें आहे? श्रोत्यांनीं चोवीस तीर्थंकरांच्या मूर्ति एका रांगेंत मांडल्याची कल्पना करावी. बैल, हत्ती, सिंह अशीं लांछनें झांकलीं तर बहुतेकांना एकमेकांपासून ओळखणें अशक्य. ऋषभदेवांचे खांद्यावर रुळणारे केस आणि पार्श्वनाथांची फणा यांसारख्या थोड्या खुणा काय त्या उरतील. मनुष्य दाखवावयाचा नसून मनुष्याची एक अवस्था दाखवावयाची, हा त्यामागील हेतु. दिगंबर परंपरेंत तर याच्याहि पुढें एक पायरी आहे. देहांतून सुटलेल्या सिद्धांची प्रतिमा करतांना धातूच्या पत्र्यांतून मनुष्याकृति कापून काढतात. उरते ती पोकळी, आणि नमस्कार करावयाचा तो त्या पोकळीस! युरोपांतील चित्रकार निराकाराच्या मागें लागले ते विसाव्या शतकांत.

याचें दुसरें टोंक पाहावयाचें तर राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस काढलेला शिळाछापखाना आठवावा. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती हाडामांसाच्या, शेजारच्या घरांत शोभाव्या अशा. घरोघरच्या देव्हाऱ्यांवर त्या टांगल्या गेल्या, आणि देव असेच दिसतात असें पुष्कळांस वाटूं लागलें.

शिरपूरची मूर्ति यांपैकीं कोणत्याच टोंकाला सहज बसत नाहीं. ती वाळू व शेण यांची घडविलेली, अशी परंपरा आहे. चौदाव्या शतकांतील जिनप्रभसूरींच्या विविधतीर्थकल्पांत तिची कथा येते. पूर्वीं डोक्यावर घागर घेतलेली स्त्री अधांतरी मूर्तीखालून जात असे, पुढें खालून वस्त्र तेवढें निघूं लागलें, असें तींत सांगितलें आहे. कथा कथेच्या ठिकाणीं राहूं द्यावी. व्यवहार असा कीं, मूर्तीवरील लेप झिजतो आणि तो पुन्हां चढवावा लागतो. दगडाचें रूप शिल्पकार एकदां ठरवून मोकळा होतो. येथें मात्र प्रत्येक लेपाच्या वेळीं रूप नव्यानें ठरतें. तें कोणासारखें करावयाचें? कधीं कोणी न पाहिलेल्या पार्श्वनाथांसारखें, कीं मागल्या लेपासारखें?

वाद पेटला तो येथेंच. १९०५ सालीं दोन्ही पंथांनीं पूजेच्या वेळा वांटून घेतल्या होत्या. १९०८ सालीं श्वेतांबरांनीं लेप केला, त्यांत कटिसूत्र व कासोटा यांच्या खुणा उठविल्या. श्वेतांबरांच्या दृष्टीनें त्या मूर्तीच्याच होत. दिगंबरांच्या दृष्टीनें वीतरागाच्या अंगावर सुताचा धागाहि रूपाचा भंग करणारा. पुढल्या वर्षीं त्या खुणा खरडून काढल्याची तक्रार झाली व १९१० सालीं दावा लागला. अकोल्याच्या न्यायालयाचा निकाल १९१८ सालीं, नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरांचा १९२३ सालीं, आणि १९२९ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें नागपूरचा निकाल कायम केला : व्यवस्था व लेपाचा हक्क श्वेतांबरांकडे, दिगंबरांना ठरल्या वेळीं पूजा. बोटभर रेघेसाठीं एकोणीस वर्षें गेलीं असें कोणी हंसून म्हणेल. पण त्या रेघेंत दोन्ही पंथांना आपापला देव दिसत होता, हें त्यानें विसरूं नये.

निकालानें भांडण मिटलें नाहीं. १९८१ सालीं गाभाऱ्यास कुलूप लागलें. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्चमध्यें तें निघालें. मधल्या बेचाळीस वर्षांत दर्शनास येणाऱ्या दोन्ही पंथांच्या भाविकांनीं मूर्ति पाहिली ती दारांतल्या एका लहानशा झरोक्यांतून.