गिरणीतला तेलवाला आणि त्याचे सोबती

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या अकलोलीत कुणाला बंब पेटवावा लागत नाही. तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. अंगाला तेल चोपडून कुडकुडत तिथवर गेले की आंघोळीचे पाणी पृथ्वीच्याच चुलीवर तापलेले मिळते. लहानपणी मला तेल लावण्याचे काम आजोबांकडे असे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे पहिल्या पेराशीच संपत. तो हात माझ्या टाळूवर थापीत ते म्हणत, "पोरा, तुझं अभ्यंग वर्षातून एकदा. आमच्या गिरणीतल्या चाकांना रोज दोनदा!"

आजोबा परळच्या एका गिरणीत तेलवाला होते. पुढे मी शाळामास्तर झालो, कादंबऱ्या लिहू लागलो. एका कादंबरीत गिरणीही आणली. तीत मालक होता, संपवाला पुढारी होता, मागावरचा विणकर होता. तेलवाला मात्र नव्हता. घरात तेलवाला असून मला तो सुचला नाही. मॅट्रिकच्या इतिहासात आम्ही जेम्स वॅटचे नाव घोकले. पण वॅटचे यंत्र आणून बसवल्यावर ते रोज चालते कोण ठेवी, हा प्रश्न ना गुरुजींनी विचारला, ना आम्हाला पडला. ते राहिलेले ऋण यंदाच्या दिवाळीत थोडे तरी फेडावे, म्हणून हा लेख.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली स्थापली आणि 1856 साली ताडदेवला ती चालू झाली. त्याआधी तीनच वर्षे, 1853 साली, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली होती. यंत्रे विलायतेची, ती उभारणारे साहेबही विलायतेचे. पण समुद्रापलीकडून यंत्र आणता येते, त्याची रोजची देखभाल आणता येत नाही. ती इथल्याच माणसांना शिकावी लागली; कोकणातून, घाटावरून आलेल्या, ज्यांनी तोवर नांगराच्या फाळापलीकडे लोखंड फारसे हाताळले नव्हते अशा माणसांना.

वाचकहो, त्या काळच्या गिरणीची रचना आधी ध्यानी घेतली पाहिजे. आजच्यासारखी प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नव्हती. सगळ्या गिरणीला मिळून एक वाफेचे इंजिन असे. त्याच्या प्रचंड चाकावरून दोर निघत, ते मजल्यामजल्यावरचे लांबलचक लोखंडी दांडे फिरवीत आणि त्या दांड्यांवरून उतरलेले चामड्याचे पट्टे एकेका मागाला, एकेका साच्याला गती देत. म्हणजे एकत्र कुटुंबच म्हणा ना! कर्ता आजारी पडला की सगळे घर बसले. इंजिन थांबले तर शेकडो माग थांबत. एका खात्यातला दांडा तापला तर ते खाते थांबे.

हे कुटुंब चालते ठेवणारी माणसे आजोबा डाव्या हाताच्या बोटांवर मोजीत. उजव्यावर मोजता येत नसत.

अंगठा म्हणजे आगवाला. बॉयलरच्या तोंडाशी उभे राहून कोळसा मारायचा, एवढेच त्याचे काम, असे आपल्याला वाटते. खरे काम डोळ्यांचे. बॉयलरवर काचेची नळी असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. ती फार उतरली तर पत्रा लाल होतो, आणि मग वाफेचा जोर त्याला फाडायला वेळ लावीत नाही. पाण्यातला क्षार आत पुटासारखा धरतो. बॉयलर निवल्यावर आत शिरून तो खरवडून काढावा लागे. 1923 साली बॉयलरचा अखिल भारतीय कायदा झाला आणि तपासणीच्या दाखल्याशिवाय बॉयलर चालवणे गुन्हा ठरला.

दुसरा तेलवाला. लांब चोचीचा डबा घेऊन शिडीवर चढायचे आणि दांडा जिथे जिथे टेकतो तिथे तेल सोडायचे. कुठले बेअरिंग तापू लागले आहे, हे त्याला वासावरून कळे. गिरणीच्या हवेत कापसाचे तंतू सदा तरंगत असतात. तापलेल्या लोखंडावर तेलकट तूस साचली की आगीला निमित्त पुरते.

तिसरा फिटर. बिघडलेला भाग सोडवणे, कानशीने घासून बसता करणे, नवा ओतून आला तर त्याला जुन्याच्या संसारात नांदवणे हे त्याच्याकडे.

चौथा मुकादम, साहेबाच्या भाषेत जॉबर. हा वल्ली माणूस. कामगार भरणारा तोच आणि त्यांच्यावर देखरेख करणाराही तोच. त्यामुळे त्याच्या लाचखाऊपणाच्या कथा पुष्कळ, आणि त्या खोट्या नव्हेत. पण व्हिटलेसाहेबांच्या अध्यक्षतेखाली 1929 साली नेमलेल्या मजूर आयोगाने 1931 च्या अहवालात त्याची दुसरी बाजूही नोंदवली: पुष्कळ ठिकाणी तो मदतनीस मेकॅनिकही असे आणि यंत्रे चालती ठेवण्यास हातभार लावी. शिव्याही त्याच्याच आणि पानाही त्याच्याच हातात!

पाचवा कोठीवाला. पट्टे, दोर, खिळे, तेल, सुटे भाग सांभाळणारा. फिटर कितीही हुशार असो, कोठीत भाग नसेल तर तो हात चोळीत बसणार. या पाचव्या बोटाशी थोडे थांबले पाहिजे, कारण मुंबईच्या मांडवी गिरणीत अशीच कोठी सांभाळणाऱ्या एका माणसाने आपल्याला रविवार मिळवून दिला. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

त्याचे असे झाले. गिरणी रविवारी बंद असली तरी कामगाराला पुष्कळदा सुटी नसे. आठवडाभर चाललेली यंत्रे पुसून साफ करायला त्याला रविवारी यावेच लागे, आणि त्यात अर्धा दिवस जाई. यंत्राची विश्रांती ती माणसाची हजेरी! लोखंडे जोतीरावांचे सत्यशोधक अनुयायी, 'दीनबंधु'चे संपादक. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची पुरी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार. कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटाची सोय. सहा वर्षांनी, 24 एप्रिल 1890 रोजी, सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि 1891 च्या कायद्याने आठवड्याची सुटी पक्की झाली.

जायबंदी माणसाबद्दलची ती मागणी वाचताना मला आजोबांचा उजवा हात दिसतो. त्यांच्या तरुणपणी एकदा दांड्याचे बेअरिंग तापले. थांबवले असते तर खात्याचे काम खोळंबले असते. "चालतंच तेल घाल," असा हुकूम आला. सैल बंडीची बाही पट्ट्यात सापडली. त्यांनी हात हिसडून घेतला. दोन बोटांची पेरे तिथेच राहिली. पुढे नव्या पोरांना ते एकच मंत्र देत: "चालत्या यंत्राला हात लाव म्हणणाऱ्याला सांगावं, आधी तुझा हात दे."

म्हातारपणी ते फुशारकीने म्हणत, "माझं नाव कायद्याच्या बुकात आहे." आम्हाला वाटे, मतदारांची यादी म्हणत असावेत, नाहीतर रेशनकार्ड, आम्ही हसत असू. ते गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मी 1948 चा कारखाने कायदा उघडला. 1881 च्या पहिल्या कायद्यात धोक्याच्या यंत्राला कुंपण घालण्याचे बंधन होतेच. पण 1948 च्या कायद्याचे 22 वे कलम आणखी पुढे गेले होते. यंत्र चालू असताना तेल घालणे भागच पडले, तर ते खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषानेच घालावे, त्याचे कपडे अंगाबरोबर घट्ट असावेत आणि त्याचे नाव नोंदवहीत लिहिलेले असावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ गप्प बसलो. म्हातारा खरे बोलत होता. ज्या माणसाचे नाव मी कादंबरीतही घातले नाही, ते कायद्याने वहीत लिहायला लावले होते.

पुढे काळ पालटला. 1915 साली खोपोलीची टाटांची वीज मुंबईला येऊ लागली, तेव्हापासून दोर, दांडे आणि पट्टे हळूहळू उतरले आणि तेलवाल्याशेजारी वायरमन उभा राहिला. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यातून पुष्कळ गिरण्या सावरल्याच नाहीत. मी तेव्हा रांगत होतो. आजोबांच्या गिरणीच्या जागी आज उंच इमारत आहे.

गिरण्यांनी मोडीत काढलेले कितीतरी माग मात्र आमच्या तालुक्याच्या गावी, भिवंडीत, यंत्रमागाच्या कारखान्यांत पुन्हा खटखटू लागले. तिथे पाच बोटांची कामे बहुधा एकाच माणसावर येतात, आणि त्याला अजूनही जॉबरच म्हणतात. धोटा नीट का धावत नाही, फणी का घासते, तेल कुठे आटले, कुठला भाग बाजारातून आणायचा, सगळे त्यानेच पाहायचे.

माझा एक जुना विद्यार्थी तिथे जॉबर आहे. गेल्या दिवाळीत तो कुंडावर भेटला. उटणे, साबण आणि अकलोलीचे कढत पाणी, तिघांनाही त्याच्या नखांतले काळे तेल निघत नव्हते. मी विचारले, "काय रे, यंदा काय विशेष केलेस?"

तो जरा ओशाळला. "विशेष काही नाही, सर. वर्षभर कुणाला लागलं-बिगलं नाही. यंत्रंही बंद पडली नाहीत."

मी त्याला जवळ बसवले आणि म्हटले, "आण ती वाटी इकडे. पाठीला तेल मी लावतो."