मालाडचे जर्मन उस्ताद



परकेपण म्हणजे काय, हे बाईला कोणी शिकवावे लागत नाही. सासरी पहिल्या दिवशी मीठ कोणत्या डब्यात आहे, हेसुद्धा आपल्याला विचारावे लागले होते. पण हळूहळू ते घर आपले झाले. परदेशी गेलेल्या माणसाचे तसे नसते. तो कितीही रुळला, कितीही मान मिळाला, तरी एक दिवस कोणीतरी दाराशी येऊन त्याचे कागद मागू शकते. आज मी अशाच माणसांची गोष्ट सांगणार आहे. ही माणसे आपल्याकडून बाहेर गेलेली नाहीत, तर बाहेरून आपल्याकडे आलेली आहेत. जर्मनीहून कामासाठी मुंबईच्या उपनगरात, मालाडला.

अंधेरीहून बोरिवलीला जाताना वाटेत मालाड लागते. आज तिथे पाय ठेवायला जागा नाही. पण १९३४ साली मालाड मुंबई शहराच्या हद्दीतही नव्हते. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी येऊन सहाच वर्षे झाली होती. दहिसर आणि मुलुंडपर्यंतची गावे मुंबई महापालिकेत आली ती पुढे १९५७ साली. अशा त्या मोकळ्या मालाडला, फ्रामरोझ दिनशा या धनिक पारशी गृहस्थांच्या बंगल्याच्या आवारात, हिमांशू राय आणि त्यांची पत्नी देविकाराणी यांनी सिनेमाची कंपनी उभी केली. तिचे नाव बॉम्बे टॉकीज.

हिमांशू राय मूळचे बंगाली. विलायतेत कायदा शिकायला गेले आणि नाटक-सिनेमात रमले. जर्मनीतल्या म्युनिक शहरातल्या एमेल्का कंपनीशी भागीदारी करून त्यांनी १९२५ साली गौतम बुद्धांच्या जीवनावर मूकपट काढला. त्याचे दिग्दर्शक होते फ्रान्झ ओस्टेन, आणि कॅमेऱ्याच्या कामाला होता जोसेफ विर्शिंग नावाचा तरुण. मालाडला स्टुडिओ बांधायचे ठरले तेव्हा राय यांना हीच माणसे आठवली. सेट उभारायला कार्ल फॉन श्प्रेटी आले, फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेत विल्हेल्म झोले आले. आवाजाचे यंत्र सांभाळायला लेन हार्टली हे इंग्रज होते.

ही माणसे घर सोडून इतक्या लांब का आली? १९३२ साली एमेल्का कंपनीचे दिवाळे निघाले होते. देशात मंदी होती, बेकारी होती. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. इकडे मालाडला नवा स्टुडिओ होता, नवी यंत्रे होती आणि उस्ताद म्हणून मान होता. आपल्या गावातला मुलगा दुबईला जातो तेव्हा जे हिशेब मांडतो, तेच हे हिशेब.

ओस्टेनसाहेबांना हिंदी येत नव्हते. तरी चार-पाच वर्षांत त्यांनी बॉम्बे टॉकीजसाठी डझनाहून जास्त बोलपट दिग्दर्शित केले. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे १९३६ चा ‘अछूत कन्या’. रेल्वे फाटकावर काम करणाऱ्या दलित माणसाची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मणाचा मुलगा प्रताप यांची ती गोष्ट. देविकाराणी कस्तुरी झाल्या. प्रताप झाले अशोक कुमार, जे आधी याच कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होते. शेवटी कस्तुरी धावती गाडी थांबवायला जाते आणि तिचा जीव जातो.

त्या सिनेमाचे संगीत एका बाईचे होते, हेही लक्षात ठेवा. खुर्शीद मिनोचर-होमजी या पारशी संगीतकार. पारशी घरातल्या मुली सिनेमात जातात म्हणून समाजातून एवढा विरोध झाला, की त्यांना सरस्वतीदेवी असे नाव घ्यावे लागले. म्हणजे परदेशी माणसे आपल्या नावाने काम करत होती, आणि आपल्याच शहरातल्या बाईला नाव बदलावे लागत होते. परकेपणासाठी समुद्र ओलांडावा लागतोच असे नाही.

आता एक कडू गोष्ट सांगते. ज्या १९३६ साली ओस्टेनसाहेबांचा ‘अछूत कन्या’ पडद्यावर आला, त्याच वर्षी ते हिटलरच्या नाझी पक्षाचे सभासद झाले. त्या पक्षाने जर्मनीतल्या ज्यू लोकांना नोकरीतून, शाळेतून, लग्नसंबंधातून वेगळे काढले होते. शिवाशिवीविरुद्धचा सिनेमा करणारा माणूस स्वतःच्या देशात माणसे वाळीत टाकणाऱ्यांच्या यादीत होता. त्यांनी सभासदत्व मनापासून घेतले की पोटासाठी, हे कागद सांगत नाही. पण नाव कागदावर होते.

त्याच काळात मुंबईत वॉल्टर कॉफमन नावाचे दुसरे एक गोरे संगीतकार राहत होते. ते ज्यू होते. प्राग शहर सोडून १९३४ साली मुंबईला आले आणि पुढे आकाशवाणीत नोकरीला लागले. पहाटे रेडिओ लावल्यावर तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनची जी धून वाजायची, ती यांनीच बांधलेली. एकाच शहरात दोन परके होते. एक जण ज्या पक्षाचा सभासद, त्याच पक्षामुळे दुसऱ्याला मायदेशी परतायची सोय उरली नव्हती.

मग आला ३ सप्टेंबर १९३९. इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. व्हाइसरॉयने आपल्या पुढाऱ्यांना न विचारताच हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. मालाडला त्या दिवसांत ‘कंगन’ सिनेमाचे काम चालू होते. सरकारने जर्मन माणसांना ताब्यात घेतले. कालपर्यंत ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, ते सरकारी भाषेत ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ झाले. मालाडच्या लोकांशी त्यांचे भांडण झाले नव्हते, कामात चूक झाली नव्हती. फक्त पासपोर्ट चुकीच्या देशाचा ठरला.

ज्या जागी त्यांना ठेवले, त्या तुमच्या-माझ्या ओळखीच्या आहेत. अहमदनगर, देवळाली, पुरंदर, सातारा आणि लांबचे डेहराडून. विर्शिंग यांना युद्ध संपेपर्यंत या छावण्यांतून फिरवले गेले. पुरंदर आणि साताऱ्याला बायकामुलांसह कुटुंबेही ठेवली होती. हिटलरच्या भीतीने पळून आलेले काही ज्यू लोकसुद्धा जर्मन पासपोर्टपायी आधी पकडले गेले. चौकशी झाल्यावर त्यातले बरेच सुटले. सरकारची भीती अगदी खोटी होती असे म्हणता येत नाही, ओस्टेनसाहेबांचे सभासदत्व आपण पाहिलेच. पण कायद्याच्या चाळणीतून खडे आणि दाणे वेगळे व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ माणसाच्या आयुष्यातून जातो.

इकडे स्टुडिओतला दिग्दर्शक आणि कॅमेरामन एकदमच गेले. हिमांशू राय यांच्यावर सगळा भार पडला आणि मे १९४० मध्ये ते वारले. कारभार देविकाराणींनी हाती घेतला. त्या काळात एका बाईने एवढी मोठी कंपनी चालवणे लहान गोष्ट नव्हती. त्यांना तारले ते पाहुण्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी. कॅमेरा पारींजा यांनी सांभाळला, आवाज सावक वाच्छा यांनी. १९४३ साली आलेला ‘किस्मत’ कलकत्त्याच्या एकाच थिएटरात तीन वर्षांहून जास्त चालला. परदेशी माणसे शिकवून गेली आणि आपली माणसे नीट शिकली होती, याचा यापेक्षा मोठा दाखला नको.

पुढे त्या दोघांचे काय झाले? ओस्टेन तेव्हा साठी ओलांडलेले होते. त्यांना जर्मनीला परत जाऊ दिले. त्यांनी पुन्हा हिंदी सिनेमा केला नाही. १९५६ साली ते तिकडेच वारले. विर्शिंग यांना जर्मनीला जाऊन नवे आयुष्य मांडता आले असते. ते छावणीतून सुटले आणि मुंबईलाच राहिले. ज्या सरकारने डांबले, ते सरकार १९४७ साली स्वतःच निघून गेले. विर्शिंग पुन्हा मालाडला कॅमेऱ्यामागे उभे राहिले. १९४९ चा ‘महल’, ज्यातल्या गाण्याने लताबाईंचा आवाज घराघरांत पोचला, तो त्यांनीच टिपला. बॉम्बे टॉकीज १९५४ साली बंद पडली. विर्शिंग काम करतच राहिले. ‘पाकीजा’चे चित्रीकरण अर्धवट असताना १९६७ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.

मैत्रिणींनो, आज आपल्या घरातली मुले-मुली आखातात, इस्रायलला, युरोपात कामाला जातात. त्यांना दोन गोष्टी सांगा. पहिली, आपला पासपोर्ट आपल्याच ताब्यात ठेवायचा आणि त्याची झेरॉक्स घरी आईकडे ठेवायची, कारण अडचणीच्या दिवशी आपण किती चांगले काम करतो हे आधी कोणी विचारत नाही, कागद विचारतात. दुसरी, तिथल्या माणसांत मिसळायचे. सरकार बदलते, कायदा बदलतो, पण सोबत काम केलेली माणसे ओळख विसरत नाहीत. विर्शिंग यांना परत उभे राहायला जागा मिळाली ती अशा माणसांत.

आणि आपल्या गावात वीटभट्टीला, ऊसतोडीला परमुलखातून कुटुंब आले, तर त्या बाईला मीठ कुठे मिळते तेवढे तरी आपणहून सांगूया.

‘पाकीजा’ १९७२ साली पडद्यावर आला, विर्शिंग गेल्यानंतर पाच वर्षांनी. पुढच्या वेळी टीव्हीवर लागला तर सुरुवातीची नावे येताना उठून जाऊ नका. त्यात मालाडच्या त्या जर्मन माणसाचे नाव आहे.