जुनीं संगीत नाटकें आणि नवी पात्रयोजना

बालगंधर्वांच्या लुगडें नेसण्याच्या आणि केशरचनेच्या तऱ्हा कुलीन घराण्यांतील स्त्रिया उचलीत, ही गोष्ट आम्हीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकली आहे, कीं तिच्यांतलें नवल आतां आम्हांस जाणवतच नाहीं. पुरुषानें स्त्रीची भूमिका करावी हें त्या प्रेक्षकांस अस्वाभाविक वाटत नव्हतें. उलट स्त्रियाच स्त्रियांच्या भूमिका करूं लागल्या, तेव्हां पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडल्या. रंगभूमीवर प्रेक्षक ज्यास स्वाभाविक म्हणतो, तें बहुधा त्याच्या सवयीचें असतें. ही सवय मोडूं लागली म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें असल्यास अमेरिकेच्या संगीत रंगभूमीचा इतिहास फार उद्बोधक आहे. तेथें प्रश्न मुख्यतः नटाच्या वर्णाचा होता. आणि त्या वर्णामागें गुलामगिरीचा इतिहास असल्यामुळें तो आमच्या प्रश्नाहून अधिक जिव्हारीं लागणारा होता.

२७ डिसेंबर १९२७ रोजीं न्यूयॉर्क येथें 'शो बोट' हें नाटक रंगभूमीवर आलें. संगीत जेरोम कर्न यांचें; संवाद आणि पदें ऑस्कर हॅमरस्टाइन यांचीं. मिसिसिपी नदीवरून गांवोगांव प्रयोग करीत हिंडणाऱ्या एका नौकेवरील नाटकमंडळीची ही कथा. तींतील ज्यूली नांवाची नटी गोरी म्हणून वावरत असते. परंतु तिच्या अंगांत कृष्णवर्णीय रक्त आहे हें उघडकीस येतें, गोऱ्या पतीशीं झालेला तिचा विवाह कायद्यानें गुन्हा ठरतो, आणि तिला नौका सोडावी लागते. मनोरंजनाच्या नाटकांत असा करुण प्रसंग आणणें हें त्या काळीं धाडसाचें होतें. तरीही ज्यूलीची भूमिका केली ती हेलन मॉर्गन या गोऱ्या नटीनें. याहून चमत्कारिक गोष्ट अशी, कीं रंगमंचावर कृष्णवर्णीय गायकांचा ताफा उभा असतांना, क्वीनी या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीचें काम टेस गार्डेला या गोऱ्या नटीनें तोंडास काळा रंग फासून केलें. नाटकाचे ५७२ प्रयोग झाले; त्या लोकप्रियतेच्या आड हा रंग आला नाहीं. ब्रॉडवेवर ज्यूलीची भूमिका कृष्णवर्णीय वंशाच्या नटीस मिळाली ती १९८३ च्या पुनःप्रयोगांत, लोनेट मॅकी यांना. ज्या स्त्रीचें दुःख पाहून प्रेक्षक डोळे पुसत होते, तिच्या वंशाच्या नटीस तें दुःख त्या रंगमंचावर गाण्यासाठीं ५६ वर्षें थांबावें लागलें.

दुसरें उदाहरण 'हॅलो, डॉली!' या नाटकाचें. लग्नें जुळविणाऱ्या एका विधवेची ही कथा १९६४ पासून कॅरल चॅनिंग यांनीं गाजविली होती. नाटक चालू असतांनाच निर्माते डेव्हिड मेरिक यांनीं नोव्हेंबर १९६७ मध्यें सगळा संचच बदलला, आणि पर्ल बेली व कॅब कॅलोवे यांना पुढें ठेवून केवळ कृष्णवर्णीयांची मंडळी उभी केली. काटेकोरपणें पाहतां हा पुनःप्रयोग नव्हे. परंतु नाटकास त्यानें पुनर्जन्म दिला यांत शंका नाहीं. या वेळीं नापसंतीचा सूर निघाला तो अनपेक्षित बाजूनें. सर्व वर्णांनीं एकत्र नांदावें असें म्हणणारेच विचारूं लागले, कीं कृष्णवर्णीयांची मंडळी निराळी काढणें हाही भेदच नव्हे काय? 'न्यूयॉर्क टाइम्स'चे टीकाकार क्लाइव्ह बार्न्स असाच संशय मनांत धरून नाट्यगृहांत शिरले होते. प्रयोगानें आपणांस जिंकलें, अशी कबुली त्यांनीं मोकळेपणानें दिली. पर्ल बेली यांना १९६८ सालीं खास टोनी पारितोषिक मिळालें.

'कॅरोसेल' हें रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचें १९४५ चें नाटक. स्थळ मेन संस्थानचा समुद्रकिनारा, काळ १८७३. निकोलस हाइटनर यांनीं तें लंडन येथें १९९२ सालीं आणि न्यूयॉर्क येथें १९९४ सालीं नव्यानें बसविलें. न्यूयॉर्कच्या प्रयोगांत कॅरी या गिरणींत काम करणाऱ्या मुलीची भूमिका ऑड्रा मॅक्डोनल्ड या कृष्णवर्णीय नटीनें केली, आणि तिच्या पतीचें काम करणारा नट गोरा होता. १८७३ सालीं असें जोडपें कोठून आलें, ही शंका निघणें साहजिक होतें. मेनमध्यें असे विवाह १८८३ पर्यंत कायद्यानें निषिद्ध होते. तेव्हां इतिहास शंकेखोरांच्याच बाजूचा होता. पण याच नाटकांत मेलेला नायक पंधरा वर्षांनीं एका दिवसापुरता पृथ्वीवर परत येतो, आणि येतांना मुलीसाठीं आकाशांतला तारा चोरून आणतो! हें ज्यांच्या बुद्धीस पचतें, त्यांची बुद्धि कॅरीच्या वर्णापाशींच कां अडावी? मॅक्डोनल्ड यांना त्या भूमिकेबद्दल टोनी पारितोषिक मिळालें.

मग नटाचा वर्ण पाहूंच नये, असा नियम करावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नाटककार ऑगस्ट विल्सन यांनीं २६ जून १९९६ रोजीं प्रिन्स्टन येथील भाषणांत या रीतीस कडाडून विरोध केला. गोऱ्यांच्या जीवनावरील नाटकांत कृष्णवर्णीय नट घालणें म्हणजे त्यांचा स्वतःचा इतिहास पुसणें होय. त्यांना हवींत तीं स्वतःचीं नाटकें आणि स्वतःचीं नाट्यगृहें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढें २०१८ सालीं 'कॅरोसेल' पुन्हां ब्रॉडवेवर आलें, तेव्हां नायक बिलीची भूमिका जोशुआ हेन्री या कृष्णवर्णीय नटानें केली. त्यांच्या गाण्याची वाहवा झाली. परंतु बिली हा बायकोला मारणारा आणि दरोड्यांत सामील होणारा. कृष्णवर्णीय पुरुष म्हणजे हिंसक, या जुन्या कलंकास हें चित्र पुष्टि देईल कीं काय, अशी अस्वस्थता कांहीं टीकाकारांनीं बोलून दाखविली.

ही अस्वस्थता आणि १९९४ ची शंका या दोन्हींची जात एक नव्हे. ती शंका डोळ्यांच्या सवयींतून निघालेली होती. ही अस्वस्थता नाटकाच्या अर्थाविषयींची आहे. पहिलीस उत्तर चांगला प्रयोग देतो, आणि एक-दोन पदांनंतर ती आपोआप विरते. दुसरीस उत्तर दिग्दर्शकानें द्यावयाचें असतें. वर्ण आम्हांस दिसलाच नाहीं, असें म्हणून त्याची सुटका होत नाहीं. कारण प्रेक्षकांस तो दिसतो. १९२७ सालीं काळा रंग फासलेली क्वीनीही सर्वांस दिसतच होती; फक्त ती खटकत नव्हती. खटकावयास हवें होतें तें तेव्हां.

आमच्याकडेही जुनीं संगीत नाटकें नव्या संचांत होत असतात, आणि पडदा वर जातांच शेजारच्या खुर्चींतून कोणी तरी कुजबुजतें, "अशी कोठें सुभद्रा असते?" त्या वेळीं रागावूं नये, आणि लगेच मानही डोलावूं नये. सुभद्रा कशी असते हें आपणांस कोणीं शिकविलें, एवढेंच मनाशीं विचारून पाहावें. किर्लोस्करांच्या 'सौभद्रां'तील सुभद्रेची ओळख महाराष्ट्रास ज्यांनीं करून दिली, ते भाऊराव कोल्हटकर पुरुष होते.