अपपार्क
इंग्लंडमधील वेस्ट ससेक्स परगण्यातील ग्रामीण उमराववाडा. साउथ डाउन्स टेकड्यांवरील हा लाल विटांचा वाडा सतराव्या शतकाच्या अखेरीस फोर्ड ग्रे या सरदाराने बांधला. १७४७ मध्ये तो सर मॅथ्यू फेदरस्टनहॉ यांनी विकत घेतला आणि इटलीच्या प्रवासातून आणलेली चित्रे, उंची सामान यांनी सजवला. लेखक एच. जी. वेल्स यांची आई १८८० पासून येथे गृहव्यवस्थापिका होती. त्यांच्या ‘टोनो-बंगे’ कादंबरीतील वाडा यावरूनच बेतलेला आहे. १९५४ मध्ये वाडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जतन करणाऱ्या संस्थेकडे आला.

३० ऑगस्ट १९८९ रोजी छपराची दुरुस्ती संपत आली असताना शिशाच्या जोडकामातून आग लागली. छप्पर व वरचा मजला नष्ट झाला. मात्र कर्मचारी, फेदरस्टनहॉ कुटुंबीय व अग्निशामक दलाने माणसांची साखळी करून तळमजल्यावरील बहुतेक ठेवा बाहेर काढला. आगीच्या आदल्या दिवशी वाडा जसा होता तसाच उभारायचा, हा निर्णय धाडसी होता. राखेतील तुकडे चाळून, ओळखून शक्य तिथे मूळ जागी बसवले गेले. हाताने चुन्याचे नक्षीकाम करण्याची जवळजवळ लुप्त झालेली कला कारागिरांना नव्याने शिकावी लागली. या कामाचे हे सर्वांत मोलाचे फलित म्हणावे लागेल. १९९५ मध्ये वाडा पुन्हा खुला झाला.