गोरेगावच्या पायाखालून गेलेला संदेश

28 एप्रिल 2020. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात रात्रीचे आठ वाजून चार मिनिटं झालीत. टाळेबंदीने रस्ता मुका केलाय, हिंगोलीकडची एसटी बंद आहे. तुम्ही गच्चीवर अंथरूण टाकताय. स्लॅब अजून तापलेला आहे.

नेमक्या याच मिनिटाला पृथ्वीवर एक रेडिओ स्पंद येऊन धडकतो, जेमतेम मिलिसेकंदाचा. तुमच्यापर्यंत तो पोचत नाही. श्रवण आणि अभिजित या ताऱ्यांच्या मधल्या ज्या पट्ट्यातून तो आला, तो या वेळी तुमच्या पायाखाली आहे. पूर्वेला उगवायला त्याला अकरा वाजतील.

तर त्याच्या वाटेने उलटे चला, हजारो वर्षं मागे. समोर एक मेलेला तारा आहे, न्यूट्रॉन तारा. व्यास वीसेक किलोमीटर, वस्तुमान मात्र सूर्याहून जास्त. सव्वातीन सेकंदांत तो स्वतःभोवती गिरकी घेतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र इतकं भयंकर की अशा ताऱ्यांना मॅग्नेटार म्हणतात. क्षेत्र हिसका खातं, क्ष-किरण उसळतात, त्यासोबतच रेडिओ लहरीही सुटतात.

आता 24 जुलै 2001. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीत असाच, पण कितीतरी दुरून आलेला स्पंद नोंदला जातोय आणि कुणाचंच लक्ष नाही. डंकन लॉरिमर आणि त्यांचे सहकारी तो जुन्या नोंदींतून 2007मध्ये शोधून काढतील. त्यात जास्त कंप्रतेच्या लहरी आधी, कमी कंप्रतेच्या मागाहून येताहेत. वाटेतले इलेक्ट्रॉन त्यांना रेंगाळवतात. हा उशीर मोजला की अंतराचा अंदाज येतो, आणि तो आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडचा निघतो. फास्ट रेडिओ बर्स्ट हे नाव रूढ होतं, पण इतक्या लांबून ते कोण पाठवतंय हे कळायला मार्ग नाही.

परत 2020. क्षण तोच, जागा कॅलिफोर्निया, सकाळचे साडेसात. स्टेअर-2 या प्रयोगाचा अँटेना बघा: धातूची नळी आणि तिच्याभोवती केक भाजायचे दोन डबे. असे तीन अँटेना कॅलिफोर्निया आणि युटात मांडलेत. ख्रिस्तोफर बोचेनेक, विक्रम रवी आणि कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांचा हा डाव. महाकाय तबकडी आकाशाचा चिमूटभर तुकडा बघते. हे डबे आकाशाचा मोठा भाग एकाच वेळी ऐकतात. जवळचा स्पंद प्रचंड असणार, त्याला मोठी दुर्बीण कशाला, हा त्यांचा हिशोब. मला या शोधातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. कॅनडातल्या चाइम दुर्बिणीलाही तो स्पंद सापडतो, अवकाशातल्या उपकरणांना त्याच वेळचे क्ष-किरण दिसतात, आणि पहिल्यांदाच असा स्पंद एका ओळखीच्या ताऱ्याच्या नावावर लागतो: एसजीआर 1935+2154.

अजून थोडं पुढे या, आणि जिल्ह्यातच दक्षिणेला, औंढा नागनाथजवळ. लायगो-इंडियाच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा इथे उभ्या राहायच्या आहेत. केंद्राने 2023मध्ये मंजुरी दिली. ते यंत्र रेडिओ ऐकणार नाही. न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात उमटणारी थरथर ते टिपेल. रेडिओ स्पंदांचं कोडं सुटायला तिचीही गरज आहे. एक स्पंद एम-81 दीर्घिकेजवळच्या म्हाताऱ्या ताऱ्यांच्या गुच्छातून येतो, आणि तिथे तरुण मॅग्नेटार असायलाच नको. जुने तारे एकमेकांत मिसळून तो जन्मला का, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.