रेव्हरंड बाबा पदमनजी : जीवन, लेखन आणि सुरतेचा धागा

रेव्हरंड बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे नाव मराठी शाळेत शिकलेल्यांनी बहुधा एका ओळीत ऐकलेले असते : मराठीतील पहिली कादंबरी ‘यमुनापर्यटन’, लेखक बाबा पदमनजी. परीक्षेपुरते तेवढे पुरते. सुरत-कामरेज भागात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनी मात्र त्यांची ओळख थोडी अधिक करून घ्यावी, असे आम्हाला वाटते. त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींचा एक धागा थेट सुरत शहरात येऊन पोचतो.

तो धागा आधी पाहू. ‘मराठी भाषेचे व्याकरण’ लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तेथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्याशी पडली. गुजरातीत ते ‘दुर्गाराम मेहताजी’ म्हणून ओळखले जातात. या दोघांनी काही मित्रांसह २२ जून १८४४ रोजी सुरतेत ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. प्रमुख मंडळींची नावे ‘द’ने सुरू होत, म्हणून लोक त्यांना पाच दद्दा म्हणत. सभेत जातिभेद, विधवांची स्थिती, मंत्रतंत्र यांवर उघड चर्चा होई. भूतपिशाच उतरवणाऱ्यांना तर सभेने जाहीर आव्हानच दिले होते. दादोबा मुंबईला गेले, पुढे १८५२ मध्ये दुर्गारामांची राजकोटला बदली झाली आणि सभा थंडावली.

मुंबईत दादोबांच्या प्रेरणेने १८४९ मध्ये ‘परमहंस सभा’ सुरू झाली. विचार बरेचसे सुरतेचेच होते, पण रीत अगदी उलटी. सुरतेत जे चव्हाट्यावर चाले, ते मुंबईत दाराआड. नव्या सभासदाला जातिभेद मानणार नाही असे वचन द्यावे लागे आणि ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव सर्वांसमक्ष खावा लागे. आज आपण वडापाव खाताना जातीचा विचारही करत नाही. त्या काळी तो एक घास बाहेर कळला तर घरावर वाळीत पडण्याची वेळ येई. म्हणूनच एवढी गुप्तता. १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीला गेले, सभासदांची नावे फुटणार अशी भीती पसरली आणि सभा मोडली. तिच्यातील काही मंडळी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या स्थापनेत दिसतात. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग त्यांत अग्रभागी होते.

जी संस्था आपले नावही बाहेर जाऊ देत नव्हती, तिची हकीगत आपल्याला कळते कशी? त्याचे मोठे श्रेय बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राला जाते. तरुणपणी ते स्वतः या सभेचे सभासद होते.

बाबांचा जन्म बेळगावचा, कासार कुटुंबातला. मराठी आणि कानडी दोन्ही कानांवर पडणारे ते गाव. शिक्षण तेथील लंडन मिशनच्या शाळेत झाले. याच मिशनचे काम सुरतेतही होते. पुढे मुंबईत ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या शाळेत शिकले. परमहंस सभेत जाऊनही त्यांच्या मनाची तगमग संपली नाही. अखेर सप्टेंबर १८५४ मध्ये त्यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. घरच्यांचा विरोध, बिरादरीचे तुटणे, स्वतःची चालढकल, हे सारे त्यांनी ‘अरुणोदय’मध्ये न लपवता सांगितले आहे. १८६७ मध्ये त्यांना पुण्याच्या फ्री चर्चमध्ये पाळकाची दीक्षा मिळाली. काही वर्षांनी ते पद सोडून त्यांनी उरलेले आयुष्य लेखन आणि संपादन यांना दिले. २९ ऑगस्ट १९०६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

एक खुलासा येथेच करतो. ‘मिशनरी’ म्हटले की आपण सगळी चर्च एकाच मापाने मोजतो. बाबा स्कॉटिश फ्री चर्चचे. मेथडिस्टांचे काम मुंबईत विल्यम टेलर यांच्याबरोबर १८७० च्या दशकाच्या सुरुवातीस उभे राहिले, म्हणजे बाबा पाळक झाल्यानंतर.

त्यांच्या नावावर लहानमोठी शंभरावर पुस्तके आहेत. त्यांतली पुष्कळशी धर्मप्रचाराची आहेत. हिंदू आचारांवरील त्यांची टीका कित्येकदा एकांगी आणि कठोर आहे, आणि आजच्या वाचकाला ती टोचेल. ती टोचते म्हणून सगळेच बाजूला सारावे, असे मात्र आम्हाला वाटत नाही. मोल्सवर्थच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाचा त्यांनी केलेला संक्षेप (१८६३) कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याच्या उपयोगाचा होता. ‘शब्दरत्नावली’ (१८६०) हा समानार्थी शब्दांचा संग्रहही तसाच. बाप्तिस्म्याआधीच, १८५२ मध्ये, त्यांनी ‘स्त्रीविद्याभ्यास निबंध’ लिहिला होता. ‘सत्यदीपिका’ या मासिकाचे संपादनही त्यांनी केले.

‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, वाटेत ठिकठिकाणी विधवा भेटतात आणि त्यांच्या कहाण्या ऐकायला मिळतात : केशवपन, उपासमार, घरातल्याच माणसांकडून होणारा छळ. मग विनायक जातो आणि इतका वेळ ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. पुस्तकाचा खरा जोर या एका वळणात आहे. शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते, तो भाग प्रचाराचा म्हणून कळून येतो. कथानक सैल आहे, पण बायकांच्या तोंडची बोली जिवंत आहे. जाता जाता सांगायचे तर, गुजरातीची पहिली कादंबरी मानली जाणारी ‘करणघेलो’ १८६६ मध्ये आली, आणि तिचे लेखक नंदशंकर मेहता सुरतेचेच.

आता पुन्हा कागदांकडे. दुर्गाराम सुरतेच्या सभेची हकीगत नित्य लिहून ठेवत. तिच्या आधाराने महीपतराम रूपराम यांनी त्यांचे गुजराती चरित्र १८७९ मध्ये छापले. मुंबईच्या सभेचे दप्तर मात्र चोरीत गेले. त्यामुळे एकाच विचाराच्या या दोन सभांपैकी सुरतेची कळते ती तिच्या चालकाच्या रोजनिशीतून, आणि मुंबईची बऱ्याच अंशी तिला सोडून गेलेल्या माणसाच्या आठवणींतून. सोडून गेलेला माणूस आपला निर्णय योग्य होता हे दाखवण्याच्या ओघात लिहितो. म्हणून ‘अरुणोदय’मधील सभेची वर्णने दादोबांच्या ‘धर्मविवेचन’ या ग्रंथाशी ताडून वाचावीत. ‘धर्मविवेचन’ लिहिले गेले १८४३ मध्ये, पण छापले गेले थेट १८६८ मध्ये. दादोबांनाही सावधगिरी सुटली नव्हती, ती अशी.

‘अरुणोदय’ची हकीगत बाप्तिस्म्यापाशी थांबते. त्यापुढच्या काळासाठी त्यांचा ‘अनुभवसंग्रह’ पाहावा लागतो. घरातल्या मुलांसाठी सुरुवात करायची तर आम्ही ‘यमुनापर्यटन’ सुचवू. जुन्या वळणाची मराठी पहिली दहा पाने अडवते, त्यानंतर वाचन सरळ होते. ज्यांना गुजराती वाचता येते त्यांनी दुर्गारामांचे चरित्रही जोडीला घ्यावे. दादोबा त्यात भेटतात.