करमणुकीचे व्रत

देवळाइतकीच करमणुकीतही श्रद्धेची परीक्षा होते, असे ख्रिस्ती मंडळी पूर्वीपासून मानत आली. अमेरिकेत बोलपटांच्या काळात ही परीक्षा फार मोठ्या प्रमाणावर झाली.

१९३० मध्ये तेथील चित्रव्यवसायाने एक नीतिसंहिता स्वीकारली. तिचा मसुदा करणाऱ्यांत डॅनियल लॉर्ड हे जेझुइट धर्मगुरू होते. परंतु मंदीत प्रेक्षक घटले आणि निर्मात्यांनी ती धाब्यावर बसवली. तेव्हा कॅथलिक बिशपांनी 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही चळवळ उभारली. १९३४ मध्ये लाखो लोकांनी हीन चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा केली. फिलाडेल्फियाच्या कार्डिनल डॉहर्टींनी तर आपल्या अनुयायांना सर्वच चित्रपटगृहे वर्ज्य ठरवली. गल्ल्याला झळ लागताच मालक नमले. त्याच वर्षी संहितेचा अंमल जोसेफ ब्रीन यांच्याकडे गेला व ती कसोशीने पाळली जाऊ लागली.

येथवर ते व्रत होते. पुढे त्याचा धाक झाला. रोसेलिनींच्या 'द मिरॅकल' या चित्रपटावर कॅथलिकांनी आक्षेप घेतला आणि १९५१ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याचा परवाना काढून घेतला. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. १९६८ मध्ये संहिता जाऊन वर्गवारी आली.

काय पाहावे हे ज्याने स्वतःशी ठरवले, त्याची श्रद्धा खरी. मात्र शेजाऱ्याला उपवास घडवून आपल्याला पुण्य लागत नाही.